इवल्याशा कुत्र्याला लंघन नको

पोट बिघडलं की एक दिवस लंघन करावं, हे आपल्या घराघरांत मुरलेलं आहे. आपण स्वतः ते करतो, गुणही येतो, आणि मग घरात कुत्रं आलं की तोच नियम त्यालाही लागतो. धडधाकट लॅब्राडॉर किंवा अंगणातला खंड्या एक दिवस जेवला नाही तर त्याचं सहसा काही बिघडत नाही. पण पॉमेरियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा इवल्या जातीचं तीन-चार महिन्यांचं पिल्लू असेल तर काय होतं, ते आमच्या चिंगीने दाखवलं.

घरी सत्यनारायण होता. चिंगी तेव्हा साडेतीन महिन्यांची, किलोभरसुद्धा भरत नव्हती. कौतुकाने कुणीतरी तिला प्रसादाचा शिरा चाटवला, मग आणखी कुणीतरी. शिरा साजूक तुपात निथळणारा. रात्री तिला पातळ शी झाली, पहाटे पुन्हा. बाकी खेळत होती, शेपूट हलत होतं. सासरे म्हणाले, आज काही देऊ नका, पोटाला आराम पडू दे. ते सगळ्यांनाच पटलं. संध्याकाळी ती टोपलीतून उठली आणि मागचे पाय लटपटले. हाक मारली तर नजर भलतीकडेच. ओठ वर करून पाहिलं, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या दिसत होत्या. कान आणि पंजे गार. मग अंगभर थरथर सुरू झाली.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगत होते, तर शिऱ्याचं नाव निघताच त्यांनी मला थांबवलं. "ताई, शिऱ्यात बेदाणे होते का?" नव्हते. केळं आणि काजू होते. "नशीब! आता साखरेचं घट्ट पाणी करा, बोटाने हिरड्यांवर चोळा. घशात ओतू नका, ठसका लागेल. आणि टॉवेलात गुंडाळून लगेच घेऊन या." चोळता चोळताच तिने मान उचलली. दवाखान्यात आधी पार्व्हो या विषाणूच्या आजाराची तपासणी झाली, ती सुदैवाने निगेटिव्ह आली. रक्तातली साखर मात्र, हिरड्यांना साखर चोळूनही, ६० च्या खालीच होती. मग ग्लुकोज लावलं. रात्री चिंगी घरी आली ती भुंकतच.

बेदाण्यांचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे नंतर कळलं. आता आमच्याकडे पूजेला पाहुणे आले की चिंगी आतल्या खोलीत असते. लोक रागावतात. रागावोत बापडे.

तर लंघन का नको? पोट रिकामं राहिलं की शरीर यकृतात साठवलेली साखर वापरतं. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साठा तो किती असणार? अंगावर धड मांस नाही, चरबी नाही, आणि जीव लहान म्हणून अंगातली ऊबही भराभर निघून जाते. ती टिकवायला पुन्हा साखरच खर्ची पडते. त्यात जुलाब. किलोभराच्या पिल्लाच्या अंगातून ५० मिली पाणी गेलं, म्हणजे चहाचे १० चमचे, की त्याचं ५ टक्के वजन गेलं. आपल्याला फरशीवर दिसतो तो एक छोटासा डाग.

म्हणून पिल्लाचं पोट किरकोळ बिघडलं आणि उलटी होत नसेल, तर खाणं बंद करायचं नाही, हलकं करायचं. गुरगुट्या भात आणि त्याच्या निम्मं, कातडी काढून उकडलेलं, बारीक कुस्करलेलं चिकन. मीठ नाही, तूप नाही, फोडणी तर नाहीच. कांदा-लसूण घालून उकडलेल्या चिकनचं पाणीही चालत नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे भात-चिकन एक-दोन चमचे, दर दोन-तीन तासांनी. दूध देऊ नका, ते जुलाब वाढवतं. पाण्याचं भांडं समोरून उचलू नका. शी घट्ट झाली की नेहमीचं खाणं दोन-तीन दिवसांत हळूहळू मिसळत आणा.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे सकाळी उठल्या उठल्या होणारी पिवळी, फेसाळ उलटी. लोक म्हणतात, पित्त झालं, आणि आपल्याच डब्यातली पित्ताची गोळी अर्धी करून देतात. पित्त असतं हे खरं, पण ते बहुतेकदा पोट रात्रभर रिकामं राहिल्याने वर येतं. संध्याकाळी सातला जेवलेल्या चिंगीला सकाळी आठपर्यंत काहीच मिळत नव्हतं. झोपताना मूठभराहून कमी खाणं द्यायला लागलो आणि त्या उलट्या थांबल्या. गोळ्यांच्या डब्याला मात्र हात लावू नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या आपल्या साध्या गोळ्या एवढ्याशा जिवाला विषासारख्या आहेत.

चिंगी आता पाच वर्षांची आहे, वजन २ किलो. एवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या पुढे जाते. चार ग्लुकोज बिस्किटंही तेवढीच. म्हणजे चहाच्या वेळी प्रत्येकाने प्रेमाने एकेक बिस्कीट टाकलं की तिचं अर्धं जेवण तिथेच उरकलं. मग ती वाटीतलं खात नाही, आणि आपण म्हणतो, फार नखरे करते! कोरडं खाणं दिवसाला जेमतेम ५० ग्रॅम लागतं. ते सकाळीच मोजून एका डबीत काढायचं आणि तीन-चार वेळा त्यातूनच द्यायचं. डबी संपली की संपलं. खाण्याचा ब्रँड बदलायचा असेल तर आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्या. एका दिवसात बदललंत तर जुलाब स्वतःच्या हाताने बोलावलेत.

घरी किती वेळ वाट पाहायची याला माझ्यापुरती सीमा आहे. एकदाच पातळ शी झाली आणि कुत्रं खेळतंय, खातंय, तर थांबते. शीमध्ये रक्त, शी डांबरासारखी काळी, पाणीही पोटात टिकत नाही, लागोपाठ दोन वेळा जेवण नाकारलं, किंवा गुपचूप कोपरा धरून बसलं, तर थेट दवाखाना. पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्या नसतील तर यातल्या कशाचीही वाट पाहू नका. पार्व्हो सुरुवातीला साध्या पोटदुखीसारखाच दिसतो.

एक काम आजच करा, कुत्रं ठणठणीत असतानाच. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पातेलं ठेवून त्यात त्याला बसवा आणि आकडा कालनिर्णयवर लिहून ठेवा. त्याखाली रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर लिहा. पोट बिघडलेल्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा वजनच विचारतात.