बेडला ग्राइंडर लावू नका

यवतमाळजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारात मला दीड फुटी लेथ मिळाला. नेमप्लेट गायब, चेंज गिअर दोनच, आणि अंगावर रुईचे तंतू तेलात भिजून झालेला घोंगडीसारखा थर. घासाघीस करून घरी आणला, टिनाच्या शेडमध्ये ठेवला आणि पहिल्याच रविवारी बेडवरचा गंज काढायला हँड ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावली.

बेड आरशासारखा चमकला. येईल त्याला दाखवत होतो. मग पहिला शाफ्ट टर्न केला तर एका टोकाला एक माप, दुसऱ्या टोकाला दुसरं, आणि मधोमध शाफ्टला पोट! टूल बदललं, बेअरिंगवर संशय घेतला, टेलस्टॉक सरकवून पाहिला. पंधरा दिवस गेले. शेवटी ओळखीच्या एका निवृत्त टर्नरकाकांना बोलावलं. त्यांनी काही न विचारता बेडवरून नख फिरवलं. ‘‘अरे बाप्पा! जंग काढाले गेला अन् बेडच खाल्ला तुनं!’’

लेथची अचूकता बेडच्या धारांवर उभी असते. कॅरेज त्यांच्यावरूनच सरकतो. धार जिथे खचली तिथे टूल आत-बाहेर होतं, आणि ती चूक व्यासात दुप्पट होऊन उमटते. गंज बहुतेक वेळा वरवरचाच असतो. डिझेल लावून रात्रभर मुरू द्यावं, पितळी पट्टीने खरवडावं, मग तेल टाकून बारीक स्टील वूलने हातानेच पुसावं. काळे डाग राहिले तर राहू द्या, त्यांनी काम बिघडत नाही. रुईचा थर मात्र पूर्ण काढा, तेलाची भोकं तोच बुजवतो. नागपूरला बेड पुन्हा ग्राइंड करून घ्यायची चौकशी केली, तर खर्च लेथच्या किमतीहून जास्त निघाला.

घेण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा करा. कॅरेज चकजवळ आणून त्याचा गिब अंगासरशी बसेल इतका आवळा आणि टेलस्टॉककडे ढकला. तिकडे अडकला, तर चकजवळचा बेड झिजलेला आहे. सगळं काम तिथेच होतं, म्हणून झीजही तिथेच. आटे पाडायचे असतील तर चेंज गिअरचा पूर्ण संच मोजून घ्या. मी मोजला नाही.

चालवताना आपल्याकडची एक सवय घातक आहे. उन्हाळ्यात गळ्यात दुपट्टा असतोच. तो चकमध्ये गेला तर मान सोबत जाते. हातमोजेही नकोत. चकची चावी लावून हात सोडायचा नाही. माझी एकदा राहिली आणि बटण दाबताच छपराचं टिन फोडून गेली. आट्यावर बसणारा चक असेल तर चालू मोटर एकदम उलटी फिरवू नका, चक सुटून अंगावर येतो. जुनी वायर तर पहिल्याच दिवशी फेकून द्या आणि अर्थिंग करून घ्या.

आता त्या लेथवर मी बुश, वॉशर आणि छोट्या पिनाच काढतो. चार इंचांहून लांब शाफ्ट आला की गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवतो.