बंद पडलेला लॅपटॉप

लॅपटॉप म्हणजे मांडीवर मावणारा संगणक. आपल्या वऱ्हाडात तो आता खेड्यांतही पोचला आहे. मेळघाटातल्या हरिसाल गावी २०१६ साली डिजिटल गावाचे काम सुरू झाले. बचत गटाचा हिशेब, पोरांचा अभ्यास, पीकविम्याचा अर्ज, अशी कितीतरी कामे या यंत्रावर होतात.

हाच लॅपटॉप जुना झाला की एके दिवशी सुरू होत नाही. बटण दाबले तरी पडदा काळाच. कोणी म्हणतो, "बोर्ड जयला असन. फेकून द्या!" गटाच्या ताई घाबरतात. "अवो बाप्पा, गटाचा सारा हिशेब त्यातच हाये ना!"

ताई, थांबा. बैल खाली बसला म्हणून कोणी त्याला लगेच बाजारात नेत नाही. आधी पायात काटा आहे का ते पाहतो. तसेच येथे करू.

पहिली पायरी : वीज पाहा. त्याच खटक्यावर मोबाईल लावा. तो चार्ज झाला तर खटका ठीक आहे. मग चार्जरची वायर कुठे तुटली, जळली आहे का ते पाहा. घरची वीज २३० व्होल्टची असते. चार्जर ती बहुधा १९ किंवा २० व्होल्टची करतो. हा आकडा चार्जरवर छापलेला असतो. तुम्हांला आता वाचता येते, तेव्हा स्वतः वाचा. नवा चार्जर घेताना व्होल्टचा आकडा तोच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त हवा.

दुसरी पायरी : अडकलेली वीज काढा. चार्जर काढा. पेनड्राइव्ह, माऊस काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. आता सुरू करायचे बटण ३० सेकंद दाबून धरा. मग नुसता चार्जर लावून बटण दाबा. पुष्कळदा यंत्र येथेच जागे होते. बॅटरीशिवाय चालले, तर दोष बॅटरीचा समजा.

सावधान! बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करू नका. दाबू नका, टोचू नका. ती पेट घेते.

तिसरी पायरी : पडदा पाहा. पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळा आहे? पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. पुसट चित्र दिसले तर पडद्यामागचा दिवा गेला आहे. यंत्र जिवंत आहे. काहीच दिसले नाही, तर मेमरीची पट्टी हललेली असू शकते. ती काढून, तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसून पुन्हा बसवतात. हे काम जाणत्याकडून करून घ्या.

चौथी पायरी : उष्णता आणि धूळ. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचे असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो! त्यात कापसाचे तंतू पंख्यात अडकतात. यंत्र तापते आणि आपोआप बंद पडते. त्याला तासभर सावलीत ठेवा. गोधडीवर ठेवून चालवू नका, खालची जाळी झाकली जाते. गाडगेबाबांनी खराटा घेऊन गावे झाडली. आपण मऊ ब्रशने जाळी तरी झाडू.

एवढे करूनही चालले नाही, तर दुरुस्तीच्या दुकानात न्या. काय काय करून पाहिले ते कागदावर लिहून न्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरे आली असतील, तर त्यांचा मोबाईलवर फोटो काढा. आतून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हापुन्हा सुरू करू नका. हिशेब ज्या डिस्कवर असतो ती बिघडत असते.

ताई, एक गोष्ट मनात पक्की धरा. यंत्र मेले तरी हिशेब मरत नाही. डिस्क चांगली असेल, तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. ७/१२ उतारा तर पुन्हा महाभूलेखवरून मिळतो. पण गटाचा हिशेब पुन्हा कोण देणार? म्हणून दर महिन्याला त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. एक वहीतही असू द्या.

सांगा पाहू :
१. चार्जरवर कोणते दोन आकडे पाहायचे?
२. बॅटरी फुगली तर काय करू नये?
३. तुमच्या गटाच्या हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे?