जाळ्यात समुद्रसाप आला तर

सभासद बंधूंनो, 31 जुलैला मासेमारी बंदी संपते आणि बोटी पुन्हा दर्यात जातात. डिझेल, बर्फ, जाळी सगळ्याची तयारी होते, पण जाळ्यात दरवर्षी येणाऱ्या एका पाहुण्याबद्दल आपण कधी बसून बोलत नाही. समुद्रसाप. यंदा बऱ्याच बोटींवर नवे खलाशी आहेत, त्यातले कितीतरी परराज्यातले. त्यांना हे वाचून दाखवावं, हिंदीत सांगावं, पण सांगावं.

आधी ओळख. वाम आणि समुद्रसाप यांत घोटाळा होतो. वामेच्या अंगावर खवले दिसत नाहीत, अंग बुळबुळीत असतं, डोक्यामागे कल्ल्याचं भोक असतं. सापाला खवले असतात, कल्ले नसतात, आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. शेपूट चपटी आणि अंगावर खवले, म्हणजे साप समजा. खाडीत, खारफुटीत सापडणारे काही पाणसाप माणसाला धोक्याचे नसतात, पण डेकवर अंधारात ती परीक्षा घेत बसायची गरज नाही.

आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात जास्त करून दोन जाती येतात. एकीचा वरचा ओठ चोचीसारखा खाली वळलेला असतो. ती शिंगाळा खाते, केंडही खाते. शिंगाळ्याचे काटे आपल्या हातात शिरले तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, हा साप तो अख्खा गिळतो. म्हणून "याचं तोंड एवढंसं, चावणार कुठून" ही जुनी समजूत सोडून द्या. दुसरी जात जाड अंगाची, आखूड डोक्याची, ती मिळेल तो मासा खाते. दोघीही विषारी.

साप पाण्यात राहतो म्हणून तो पाण्यात श्वास घेतो असं नाही. त्याला फुप्फुस आहे, एकच, पण जवळजवळ अंगभर लांब. नाकपुड्या बंद करून तो बराच वेळ खाली राहतो, काही जाती तर दोन तासांपर्यंत, पण शेवटी हवेसाठी वर यावंच लागतं. ट्रॉलरची ओढ लांबली, किंवा गिलनेट रात्रभर पाण्यात राहिलं, की तो आत गुदमरतो. कासवाचं जे होतं तेच. फरक एवढाच की कासव किनाऱ्यावर येऊन अंडी घालतं, आणि या जाती पिल्लांना पाण्यातच जन्म देतात. जाळ्यात मेलेल्या मादीच्या पोटात पिल्लं असली तर तीही गेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रसापाला संरक्षण दिलं आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता मुख्य गोष्ट. सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची जी लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी बनवलेली आहे. समुद्रसापाच्या विषासाठी ती नाही. त्यासाठीची लस ऑस्ट्रेलियात बनते. म्हणजे इथे चावलेल्या माणसाचा जीव लवकर पोचण्यावर, व्हेंटिलेटरवर आणि गरज पडली तर डायलिसिसवर अवलंबून. ती सोय बोटीवर नाही, आणि किनाऱ्यावर पोचायला किती वेळ लागतो ते आपणच जाणतो.

फसवणूक अशी की दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूजही येत नाही. खलाशी म्हणतो काटा लागला, आणि कामाला लागतो. पुष्कळ दंशांत विष जातच नाही, त्यामुळे "मला चावला होता, काही झालं नाही" सांगणारे भेटतात. त्यांच्या भरवशावर राहू नये. विष गेलं असेल तर अर्ध्या तासापासून तीनेक तासांत अंग दुखू लागतं, मान-पाठ ताठते, पापण्या मिटतात, गिळता येत नाही, पुढे लघवी काळपट होते. लक्षणांची वाट बघू नका. चाव्याचा संशय आला की माणसाला झोपवा, हातपाय हलवू देऊ नका, फळी लावून पट्टी बांधा. दोरीने आवळू नका, कापू नका, तोंडाने विष ओढू नका. तांडेलाने लगेच किनाऱ्याला कळवावं, तटरक्षक दलाचा 1554 लावावा, आणि जेटीवर 108 उभी राहील असं बघावं. गाडीवाल्याला सरळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला न्यायला सांगा. डॉक्टरांना "समुद्रसाप" हा शब्द आधी सांगा.

साप बाहेर काढायला हात लावायचा नाही. मासळी वेगळी करताना जाड हातमोजे आणि गमबूट घाला, ढिगात आधी काठी फिरवा. साप दिसला तर लांब काठीने किंवा फावड्याने उचलून पाण्यात सोडा. हालत नाही म्हणून मेला असं धरू नका, गुदमरलेला साप मागाहून हालू लागतो, आणि मेल्या तोंडाचा दातही लागतो. गिलनेटमध्ये गुंतलेला असेल तर जाळं कापायला मन धजत नाही, आम्हालाही कळतं. पण चार डोळे जाळं शिवून निघतं.

बोटीवर हातमोजे नसतील तर बोटी सुटण्याआधी संस्थेच्या कार्यालयात नाव द्या, म्हणजे किती जोड्या लागतील ते कळेल.