संगणकाची रोजकीर्द सांभाळा

चादर-टॉवेलच्या धंद्यात वाद निघतो तो दोन-तीन महिन्यांनी, उधारी वसूल करताना. तेव्हा आपण रोजकीर्द उघडतो. सोलापुरात ज्यांचा हिशोब लिनक्स संगणकावर आहे, त्या व्यापारी व कारागीर बांधवांनी लक्षात घ्यावे की संगणकही स्वतःची रोजकीर्द लिहितो. यंत्र केव्हा सुरू झाले, कोणत्या नावाने कोण आत शिरले, काय बिघडले, हे सारे त्यात असते. यालाच 'लॉग' म्हणतात. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी 'सिसलॉग' लिहिले. पुढे २००४ मध्ये राइनर गेरहार्ड्स यांनी 'आर-सिसलॉग'चे काम सुरू केले.

अडचण अशी की, उबुंटूच्या मूळ मांडणीत या नोंदींची फाईल दर आठवड्याला बदलते आणि जुन्या चारच फायली राहतात. म्हणजे वाद निघेपर्यंत पुरावा पुसला गेलेला असतो!

म्हणून हे काम पुढील क्रमाने करावे :

१) आर-सिसलॉगची नवी आवृत्ती घेण्यापूर्वी मांडणीच्या फाईलची नक्कल काढावी.
२) नवी आवृत्ती चढवताना जुनी मांडणी ठेवायची का, असे विचारल्यास ती ठेवावी, नवी नंतर ताडून पाहावी.
३) मांडणीतील चुका तपासूनच सेवा पुन्हा सुरू करावी आणि एक चाचणी-नोंद टाकून ती उमटते का ते पाहावे.
४) 'लॉगरोटेट'च्या मांडणीत चारऐवजी सव्वीस आठवडे लिहावेत.
५) घड्याळ बरोबर ठेवावे व नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवावी.

बिलातला आकडा कोणी बदलला, हे मात्र हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्येच पाहावे लागेल. दोन्ही नोंदी जुळल्या, तर निर्दोष नोकरावर उगाच आळ येणार नाही.