तिने घरी सांगितलं नव्हतं

संध्याकाळी मुलं घरी येतात आणि दप्तर टाकता टाकता सांगायला लागतात. वर्गात कुणाला उगाचच ओरडा बसला, कुणाला खेळायला घेतलं नाही, कुणाच्या आडनावावरून कुणीतरी काहीतरी बोललं. आपल्या एका हातात फोन असतो, गॅसवर कुकर असतो, मनात उद्याची कामं असतात. आपण पटकन म्हणून टाकतो, "तुला काय करायचंय? तू आपल्या अभ्यासाकडे बघ."

मनात वाईट काहीच नसतं. उलट काळजीच असते. आपलं मूल कुणाच्या डोळ्यावर येऊ नये, बाईंनी त्याच्यावर राग धरू नये, एवढंच आपल्याला हवं असतं. बहुतेक घरांत हे वाक्य असंच येतं आणि विरूनही जातं.

मुलाच्या मनातून मात्र ते जात नाही. मला हे नीट उमगलं ते बार्बरा जॉन्स या मुलीबद्दल वाचताना. आज आईबाबा म्हणून तिच्याबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल नावाचं छोटं गाव आहे. 1950च्या सुमारास तिथे गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी, असा कायदाच होता. काळ्या मुलांची मोटन हायस्कूल 180 मुलांसाठी बांधलेली, आणि शिकत होती साडेचारशेच्या वर. जागा पुरेना म्हणून आवारात डांबरी कागद मारलेल्या लाकडी शेड उभ्या केल्या होत्या. पावसात त्या गळायच्या. थंडीत शेगडीजवळची मुलं भाजून निघायची आणि लांबची मुलं अंगात कोट घालून लिहायची. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही, जेवायला वेगळी जागा नाही. गोऱ्या मुलांच्या शाळेत हे सगळं होतं.

पालक गप्प बसले होते असं समजू नका. मुख्याध्यापक आणि पालकांची मंडळी शिक्षण मंडळाकडे पुन्हापुन्हा जात होती. नवी इमारत होईल, बघू, करू, अशी उत्तरं घेऊन परत येत होती. दमलेल्या माणसांना अशा उत्तरांची सवय होऊन जाते. मुलांना ती सवय अजून लागलेली नसते.

बार्बराची आई आठवडाभर वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत, वडील शेतीत. धाकट्या भावंडांचं सगळं बार्बराच बघायची. एका सकाळी त्यांना आवरून बसपर्यंत पिटाळण्याच्या गडबडीत ती स्वतःचाच डबा घरी विसरली. डबा घ्यायला टेकडी चढून परत गेली, तेवढ्यात बस निघून गेली. मग कुणाच्या तरी गाडीची वाट बघत ती रस्त्याकडेला उभी राहिली, आणि तिच्यासमोरून गोऱ्या मुलांची शाळेची बस गेली. बस अर्धी रिकामी होती.

त्या आधी तिने शाळेच्या अवस्थेबद्दल आपल्या संगीताच्या शिक्षिकेकडे, इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याकडे, मन मोकळं केलं होतं. मग तूच त्याचं काही का करत नाहीस, असं त्यांनी विचारलं. बार्बराला आधी वाईटच वाटलं. आपल्याला झटकून टाकलं, असं वाटलं. पण तो प्रश्न तिच्या मनात राहिला आणि वाढत गेला.

मला इथे थांबावंसं वाटतं. त्या बाईंनी तिला काही शिकवलं नाही की उपाय सांगितला नाही. "तुला काय करायचंय?" असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. तू काही करू शकतेस, एवढंच त्यांच्या बोलण्यातून मुलीपर्यंत पोचलं. कधीकधी मुलाला आपल्याकडून तेवढंच हवं असतं.

बार्बराने काही विश्वासू मुलामुलींना गोळा केलं आणि कितीतरी महिने गुपचूप तयारी केली. 23 एप्रिल 1951 रोजी मुख्याध्यापकांना खोटा फोन करून शाळेबाहेर पाठवण्यात आलं, आणि त्यांच्या नावाने वर्गावर्गात चिठ्ठ्या गेल्या की सगळ्यांनी सभागृहात जमावं. पडदा उघडला तर व्यासपीठावर सोळा वर्षांची बार्बरा उभी. तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली आणि मुलांना सांगितलं की आपण आता संप करायचा. तिची सख्खी धाकटी बहीण समोर बसली होती. तिलाही कसला सुगावा नव्हता; ती घाबरून खुर्चीत खाली सरकली.

आईवडिलांनाही बार्बराने आधी सांगितलं नव्हतं. पालक म्हणून मला हेच सगळ्यात जास्त बोचतं. इतकी शहाणी, घर सांभाळणारी मुलगी, आणि एवढं मोठं काही महिनोन्महिने मनात बाळगून ताटावर बसत होती. मला वाटतं, घरचे आपल्याला थांबवतील ही धास्ती तिच्या मनात असणार. आपल्या मुलांच्या मनातही ती असते. ती थोडी कमी करणं आपल्या हातात आहे.

पुढे काय झालं तेही ऐका. संप दोन आठवडे चालला. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांना मुलांनी पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले. त्यांनी सांगितलं, नुसती चांगली इमारत मागायची असेल तर आम्ही येणार नाही. वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची मागणी करा, आणि त्याला पालकांचा पाठिंबा हवा.

म्हणजे आता पाळी मोठ्यांची होती. ज्या गावात नोकरी आणि उधारी गोऱ्यांच्या हातात, तिथे कोर्टात जायचं. तरी चर्चमध्ये सभा झाली आणि पालक उभे राहिले. 117 मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. पुढे तो आणखी चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 17 मे 1954 रोजी न्यायालयाने वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या. त्या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा एकटाच.

किंमत मोजावी लागलीच. धमक्या आल्या. आईवडिलांनी बार्बराला शेवटच्या वर्षासाठी दूर अलाबामात काकांकडे पाठवलं. 1955 मध्ये आईवडिलांचं घर जळून गेलं. 1959 मध्ये तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाने, काळ्यागोऱ्यांना एकत्र बसवण्यापेक्षा सरकारी शाळाच बंद केल्या, त्या 1964 पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांची मात्र वर्षंच्या वर्षं वाया गेली. बार्बरा पुढे ग्रंथपाल झाली, साधं आयुष्य जगली आणि 1991 मध्ये गेली.

हे सगळं वाचल्यावर आपलं पालकाचं मन काय म्हणतं? "नको गं बाई, माझ्या लेकराच्या वाट्याला हे नको." अगदी खरं आहे. तिच्या आईवडिलांनाही असंच वाटलं असेल. पण त्यांनी मुलीला गप्प बसवलं नाही, तिला जपलं. काळजी ही अशीही करता येते.

आपल्या मुलांना खटले लढवायचे नाहीत. त्यांचे प्रश्न घरातले असतात. "कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का?" "त्या काकांनी ही लिफ्ट वापरायची नाही, असं का लिहिलंय?" आपण चपापतो आणि विषय बदलतो. त्याऐवजी म्हणून बघूया, "खरंच, का बरं?" उत्तर आपल्याकडे नसलं तरी चालेल. कप बदलता आला तर त्याच दिवशी, मुलाच्या देखत बदलावा.

मूल शाळेतल्या अन्यायाबद्दल सांगत असेल तर दोन मिनिटं गॅस बारीक करूया. पूर्ण ऐकूया. लगेच शाळेत धाव घ्यायची नाही आणि लगेच विषय झटकायचाही नाही. "तुला काय वाटलं? तुला काय करावंसं वाटतंय? माझी कुठे मदत लागेल?" एवढं विचारूया. भीती वाटत असेल तर तीही सांगूया; मुलांना आपली भीती समजते.

आणि एक वाक्य त्यांच्या कानावर अधूनमधून पडू दे: "तू खरं बोललास म्हणून काही झालं, तर मी तुझ्या बाजूने उभी आहे." मुलाला हे आधीच माहीत असलं, तर त्याला धाडस आपल्यापासून लपवून करावं लागणार नाही.