विमा उतरवताना आपला वाटा किती ठेवावा?

यवतमाळ जिल्ह्यात आता पुष्कळ गावांत मोटारी आल्या आहेत. कोणी पांढरकवड्याच्या बाजाराला जातो, कोणी दवाखान्यासाठी यवतमाळ गाठतो. रात्रीच्या वेळी रस्त्यात रोही आडवा येतो, रानडुक्कर धडकतं. पत्रा चेपतो, काच फुटते. म्हणून आपण गाडीचा विमा उतरवतो.

विमा दोन तऱ्हेचा असतो. पहिला दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीने कोणाला लागलं, कोणी दगावलं, तर त्याची भरपाई त्यातून मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. दुसरा विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो आपल्या मर्जीचा. हा धडा या दुसऱ्या विम्याविषयी आहे.

गाडी मोडली की सगळा खर्च कंपनी देते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. खर्चातला पहिला वाटा मालकाने द्यायचा असतो. विम्याच्या कागदावर त्याला 'डिडक्टिबल' म्हणतात. आपण त्याला 'आपला वाटा' म्हणू.

या वाट्याचे दोन भाग आहेत. एक सक्तीचा. साधारणपणे १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला तो १००० रुपये असतो, त्याहून मोठ्या मोटारीला २०००. दुसरा भाग ऐच्छिक, म्हणजे आपण होऊन घेतलेला. तो सक्तीच्या वाट्यावर आणखी चढतो. तो घेतला, की हप्त्यात सूट मिळते.

मग तो घ्यावा की न घ्यावा? चला, हिशेब मांडू.

२००२ च्या दरपत्रकात ५००० रुपयांच्या ऐच्छिक वाट्याला शेकडा २५ सूट होती, पण १५०० रुपयांपर्यंतच. १५००० रुपयांच्या वाट्याला शेकडा ३५ सूट होती, पण २५०० रुपयांपर्यंतच. २००७ पासून दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. म्हणून आज सूट वेगवेगळी असू शकते. पण हिशेबाची रीत तीच.

समजा, गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता वर्षाला ६००० रुपये आहे. ५००० चा वाटा घेतला, तर वर्षाला १५०० रुपये वाचतात. ५००० ला १५०० ने भागा. तीन वर्षं आणि चार महिने येतात. तेवढ्या काळात एकदा जरी मोठा अपघात झाला, तरी आपण तोट्यात. त्याहून जास्त काळ गाडी सुखरूप चालली, तर फायद्यात.

आता १५००० चा वाटा घेऊन पाहू. वर्षाला २१०० रुपये वाचतात. १५००० वसूल व्हायला सात वर्षांहून जास्त लागतात. पाहा, वाटा तिप्पट झाला, पण सूट दीडपटही झाली नाही! म्हणून नुसत्या सुटीकडे पाहून भुलू नये.

एका घरात दोन भाऊ आहेत असं धरा. थोरला रोज रात्री जंगलाच्या रस्त्याने गाडी नेतो. त्याने आपला वाटा कमी ठेवावा. धाकट्याची गाडी महिन्यातून चारदा निघते, तीही दिवसा. त्याला वाटा वाढवायला हरकत नाही. पण त्यालाही एक गोष्ट तपासली पाहिजे. घरात पैसा आहे का?

आपल्याकडे कापूस विकला की हातात पैसा येतो. आषाढात तो बी-खतात गेलेला असतो. नेमका तेव्हा अपघात झाला, तर सक्तीचे १००० आणि ऐच्छिक ५०००, मिळून ६००० रुपये कोठून आणणार? सावकाराकडून महिना शेकडा ३ व्याजाने घेतले, तर वर्षाला २१६० रुपये व्याज होतं. हप्त्यात वाचले होते १५००. म्हणजे वाचवलं त्याहून जास्त गेलं. आणि मुद्दल डोक्यावर राहिलंच.

म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या वाट्याची रक्कम बँकेत किंवा बचत गटात वेगळी पडून असेल, तरच वाटा वाढवावा. नसेल, तर हप्ता थोडा जास्त गेला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट. वर्षभर दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी या हप्त्यात शेकडा २० सूट मिळते. ओळीने पाच वर्षं दावा न केल्यास ती शेकडा ५० पर्यंत जाते. दावा केला, की ही सूट जाते. २००० रुपयांच्या दुरुस्तीसाठी दावा केला, तर सक्तीचा वाटा वजा जाऊन मिळणार १०००. आणि ६००० च्या हप्त्यावरची शेकडा २० सूट, म्हणजे १२०० रुपये, गमावणार. असं नुकसान खिशातून भरलेलंच बरं.

विमा एजंट म्हणेल, "भाऊ, वाटा वाढवा, हप्ता कमी करून देतो." त्याला विचारा, "वाटा किती वाढतो? हप्ता किती कमी होतो? दोन्ही आकडे कागदावर लिहून द्या." आपल्याला आता वाचता येतं. सही करण्याआधी ते आकडे वाचा, भागाकार करा, आणि घरात सगळ्यांशी बोला.

प्रश्न
१. सक्तीचा वाटा आणि ऐच्छिक वाटा यांत फरक काय?
२. ७५०० रुपयांच्या वाट्याने वर्षाला १८०० रुपये वाचतात. वाटा वसूल व्हायला किती वर्षं लागतील?
३. तुमच्या घरी आषाढात ६००० रुपये शिल्लक असतात का? मग तुम्ही किती वाटा ठेवाल?