सिकलसेल आणि गर्भाची तपासणी

विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. टेस्ट ट्यूब पद्धतीत साधारण पाचव्या दिवशी गर्भाच्या बाहेरील थरातून, ज्याची पुढे वार बनते त्यातून, मोजक्या पेशी काढून तपासतात व आजार नसलेला गर्भ गर्भाशयात सोडतात. १९९० साली लंडनमध्ये या तंत्राने पहिल्या गर्भधारणा झाल्या, तेव्हा मुलग्यांना होणारे आनुवंशिक आजार टाळण्यासाठी मुलीचे गर्भ निवडले होते. आपल्याकडे उलटेच घडले असते! म्हणून २००३ च्या दुरुस्तीने ही तपासणी गर्भलिंग कायद्याखाली आली; आजारासाठी परवानगी, लिंगनिवडीला बंदी. खर्च मात्र लाखांत जातो. लग्नाआधीची सिकलसेलची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.